मोजे काढा

“काका, मोजे काढा,” ती मुलगी म्हणाली आणि मला वाटलं, आपण चुकीच्या खोलीत शिरलो. दुखत होतं छातीत. खरं तर दुखतंय अशी शंका होती. त्यासाठी मोजे कशाला? पण पांढरा कोट घातलेल्या माणसाशी वाद घालायची आपल्याकडे रीत नाही. मोजे काढताना उजव्यातून अंगठा आधीच बाहेर डोकावत होता. तिने पाहिलं, हसली नाही. ते जास्त लागलं.

मग ईसीजीची, म्हणजे हृदयाच्या विजेचा आलेख काढायची तयारी: मनगटांना आणि घोट्यांना रंगीत चिमटे, छातीवर गार जेली, त्यावर रबरी फुगे. “बोलू नका, हलू नका.” यंत्रातून चौकटीचौकटींची पट्टी सरकत आली, सेकंदाला २५ मिलिमीटर. डॉक्टरांनी ती कापडवाल्यासारखी हातावर धरून पाहिली आणि म्हणाले, “पित्त आहे.”

माझं मन मात्र घोट्याशीच अडकलेलं. ठोका पडतो छातीत, तर चिमटा पायाला का? घरी येऊन वाचत बसलो आणि जिमी भेटला.

जिमी हा लंडनचा बुलडॉग. त्याचे मालक शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑगस्टस वॉलर. हृदय धडधडताना त्यात वीज खेळते, हे त्याआधीच बेडकांच्या जिवावर सिद्ध झालं होतं. वॉलरनी १८८७ साली सेंट मेरीज रुग्णालयात ती वीज जिवंत माणसाच्या अंगावरून, कुठेही न कापता, टिपून दाखवली. केसाएवढ्या बारीक काचनळीत पारा. ठोक्यागणिक त्याची कड थरथरायची आणि तिची सावली फोटोच्या काचेवर उमटायची. काच पुढे सरकायला हवी, म्हणून ती ठेवली होती खेळण्यातल्या आगगाडीवर! पुढे लक्षात आलं की छातीच कशाला हवी? आपलं अंग म्हणजे खारट पाण्याची पखाल. आतली वीज हातापायांपर्यंत आपसूक पोचते. हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवले, त्यात तारा सोडल्या की झालं.

जिमी असाच पाण्यात पंजे बुडवून शांत उभा राहायचा. १९०९ साली रॉयल सोसायटी या लंडनच्या विज्ञानसंस्थेत त्याचा प्रयोग झाला आणि ब्रिटिश संसदेत प्रश्न आला, हा प्राण्याचा छळ नव्हे काय? गृहमंत्री ग्लॅडस्टन यांनी सांगितलं, कुत्रा साध्या मिठाच्या पाण्यात उभा होता. सन्माननीय सदस्य कधी समुद्रात पाय भिजवून आले असतील, तर त्यांना कल्पना येईल. असं उत्तर देणारे मंत्री दुर्मीळच.

या पाण्याला शास्त्राची शिस्त लावली ती डच शरीरक्रियाशास्त्रज्ञ विलेम आइंटहोवेन यांनी. जन्म जावा बेटावरच्या समारांगचा, काम हॉलंडच्या लायडनमध्ये. पाऱ्याऐवजी त्यांनी चांदीचा मुलामा दिलेली क्वार्ट्‌झची तार घेतली, केसाहून कितीतरी बारीक. अशी तार काढायची रीत म्हणजे वितळलेलं क्वार्ट्‌झ बाणाला लावायचं आणि बाण सोडायचा! तार अशी नाजूक, पण यंत्र सुमारे २७० किलोंचं, आणि ते चालवायला पाच माणसं. ते रुग्णालयात नेणं अशक्य, म्हणून रुग्ण तिकडेच हातपाय पाण्यात घालून बसायचा आणि टेलिफोनच्या तारेतून त्याचे ठोके दीड किलोमीटरवरच्या प्रयोगशाळेत यायचे. हे १९०५ साली. आलेखातल्या चढउतारांना पी, क्यू, आर, एस, टी ही नावं त्यांचीच. १९२४ चं नोबेलही त्यांना मिळालं. गंमत म्हणजे रुग्णालयात या प्रकाराचा फारसा उपयोग होईल, असं १९११ पर्यंत खुद्द वॉलरनाच वाटत नव्हतं.

तर माझे चिमटे म्हणजे त्या मिठाच्या पाण्याच्या भांड्यांचे वारसदार. आइंटहोवेननी दोन हात आणि डावा पाय असा त्रिकोण मांडला, तो आजही चालू आहे. मग उजव्या पायाचा काळा चिमटा? तो घरातल्या अर्थिंगच्या तारेसारखा, इकडची तिकडची विजेची खरखर दाबायला. म्हणजे ज्या पायाने माझी अब्रू घालवली, त्याच्या ठोक्यांची नोंदच घेतली जात नव्हती. तो मोजा मी अजून टाकलेला नाही.

रात्री पाय ठणकत होते म्हणून बादलीत कढत पाणी घेतलं, मूठभर मीठ टाकलं आणि दोन्ही पाय सोडून बसलो, जिमीसारखा, स्वस्थ.

“तुम्ही छाती दुखतेय म्हणून गेला होतात ना?” बायकोने विचारलं.