कुजबुज, झिणझिण्या आणि जवळीक

अंगावर काहीतरी उठतं त्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. थंडीने शहारा येतो, भीतीने काटा येतो, मांडी घालून बराच वेळ बसलं की पायाला मुंग्या येतात, कोपर आपटलं की झिणझिण्या. पण कुणी कानाशी हळू बोलत असताना किंवा केसांतून सावकाश कंगवा फिरवत असताना डोक्याच्या मागच्या बाजूला जे सुरू होतं आणि मानेवरून पाठीच्या कण्याने खाली ओघळतं, त्याला यातला एकही शब्द नीट बसत नाही. शहारा क्षणात येऊन जातो, हे रेंगाळतं. मुंग्या नकोशा होतात, हे संपू नये असं वाटतं. गुदगुल्यांनी माणूस आक्रसतो, इथे तो सैल पडतो. त्यातल्या त्यात ‘झिणझिण्या’ जवळचा, म्हणून इथे तोच वापरते.

इंग्रजीतही शब्द नव्हता. २००७ मध्ये आरोग्यविषयक एका संकेतस्थळावर या विचित्र पण छान वाटणाऱ्या संवेदनेबद्दल कुणीतरी विचारलं आणि ‘मलाही होतं’ म्हणणारे पुढे येऊ लागले. २०१० मध्ये जेनिफर ॲलन यांनी तिला ‘ऑटोनॉमस सेन्सरी मेरिडियन रिस्पॉन्स’, म्हणजे एएसएमआर, हे नाव दिलं. ऐकायला वैद्यकीय वाटतं, पण ते कुठल्या प्रयोगशाळेतून आलेलं नाही. मुद्दामच कोरडं ठेवलं, कारण या अनुभवाला लोक लगेच लैंगिक ठरवतील आणि मग कुणी मोकळेपणाने बोलणार नाही, ही धास्ती होती. ती धास्ती अनाठायी नव्हती. ही संवेदना मुद्दाम जागी करणारे व्हिडिओ बनू लागले, त्यांनाही एएसएमआरच म्हणतात. जून २०१८ मध्ये चीनमधल्या अश्लीलताविरोधी सरकारी कार्यालयाने व्हिडिओ संकेतस्थळांना एएसएमआरच्या नावाखालचा अश्लील मजकूर काढायला सांगितला आणि त्या झाडणीत निरुपद्रवी कुजबुजही गेली.

मग हे लैंगिक आहे की नाही? २०१५ मध्ये स्वानसी विद्यापीठातल्या बॅरेट आणि डेव्हिस यांनी हा अनुभव येणाऱ्या ४७५ जणांना विचारलं. ९८ टक्के लोक निवांत होण्यासाठी ऐकत होते, ८२ टक्के झोप लागावी म्हणून, ७० टक्के ताण हाताळण्यासाठी. लैंगिक उत्तेजनेसाठी ऐकतो म्हणणारे ५ टक्के निघाले आणि तसं नाही असं सांगणारे ८४ टक्के. ‘कामुक एएसएमआर’ नावाचा वेगळा प्रकार आहेच, पण तो प्रकार म्हणजे अख्खा विषय नव्हे. संवेदना कशाने जागी होते हेही त्या पाहणीत विचारलं होतं: कुजबुज ७५ टक्के, वैयक्तिक लक्ष ६९ टक्के, कुरकुरीत आवाज ६४ टक्के, संथ हालचाली ५३ टक्के. व्हॅक्यूम क्लीनरचा आवाज मात्र जेमतेम २ टक्के.

यातला ‘वैयक्तिक लक्ष’ हा आकडा मला सगळ्यांत बोलका वाटतो. डोळे तपासणारा, केस कापणारा, कपड्याचं माप घेणारा, अशा भूमिका करणारे व्हिडिओ इतके का चालतात याचं उत्तर तिथे आहे. या सगळ्या प्रसंगांत एक माणूस दुसऱ्याच्या अगदी जवळ येतो, त्याच्याकडे पूर्ण लक्ष देतो, सावकाश काहीतरी करतो आणि बदल्यात त्याच्याकडून काहीच मागत नाही. बसून राहणं एवढंच त्याचं काम. माकडं एकमेकांच्या अंगावरचे केस विंचरून, किडे वेचून काढतात तेव्हाही हेच चालतं. स्वच्छता हे निमित्त असतं, कळपातलं नातं त्यातून टिकतं. एएसएमआरमधली जवळीक या जातीची आहे, काळजीची. शृंगाराशी तिचं शेजारपण आहे, एकपण नाही.

शरीरही काहीसं तेच सांगतं. २०१८ मध्ये शेफील्ड विद्यापीठातल्या जुलिया पोएरिओ आणि सहकाऱ्यांनी प्रयोगात मोजमाप केलं. ज्यांना हा अनुभव येतो त्यांच्या हृदयाचे ठोके असे व्हिडिओ पाहताना मिनिटाला सरासरी ३.१४ ने उतरले. त्याच वेळी त्वचेची विद्युतवाहकता वाढली, म्हणजे शरीराची एक बाजू शांत होत होती आणि दुसरी जागी होत होती. लैंगिक उत्तेजनेत नाडी चढते, इथे ती उतरते. गाण्यातल्या एखाद्या तानेला अंगावर रोमांच उठतात त्याच्याशीही याची गल्लत करू नये. तो रोमांच तानेबरोबर उठतो आणि काही सेकंदांत ओसरतो. एएसएमआर मात्र आवाज चालू असेपर्यंत लाटांसारखा येत राहू शकतो. त्याच वर्षी दहा जणांच्या मेंदूच्या एमआरआय अभ्यासात झिणझिण्यांच्या वेळी बक्षीस आणि भावना यांच्याशी निगडित भाग सक्रिय दिसले. अवघी दहा माणसं, त्यामुळे त्यावर फार इमले बांधण्यात अर्थ नाही. ‘ऑक्सिटोसिन, म्हणजे जिव्हाळ्याशी जोडलं जाणारं संप्रेरक, वाढतं म्हणून असं होतं’ हे तर सर्रास ठोकून दिलं जातं, पण आज तरी तो अंदाजच आहे.

कुजबुजच का, याचं उत्तर ध्वनीच्या भौतिकीत आहे आणि ते फार सुरेख आहे. कुजबुजताना स्वरतंतू कंप पावत नाहीत, ऐकू येतो तो नुसता श्वासाचा घर्षणध्वनी. हा आवाज मुळात क्षीण, त्यामुळे तो स्पष्ट ऐकू आला की मेंदू एकच अर्थ काढतो: बोलणारा हाताच्या अंतरावर आहे. दुसरं असं की मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. तोंड कानापासून ५ सेंटीमीटरवरून १० वर गेलं तर हा फरक चटकन जाणवतो. माणूस दोन मीटरवर असेल तर तेवढ्याच ५ सेंटीमीटरने काही कळतसुद्धा नाही. म्हणजे बोलणाऱ्याच्या मानेची बारीकशी हालचालही आवाजात उमटायला लागली की ऐकणाऱ्याला तो खेटून बसल्यासारखा वाटतो. मानवशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी माणसामाणसांतल्या अंतरांची मांडणी केली, तिच्यात सुमारे ४५ सेंटीमीटरच्या आतलं अंतर जिव्हाळ्याच्या माणसांचं. हेडफोनमधला अनोळखी आवाज त्या रेषेच्या आत येऊन बसतो. कुणाला त्यात सुख वाटतं, कुणाला शिसारी येते, आणि दोन्ही प्रतिक्रिया त्याच एका कारणाने.

डावा आणि उजवा कान वेगळा ठेवणारं दोन मायक्रोफोनचं, म्हणजे बायनॉरल, ध्वनिमुद्रण म्हणूनच वापरतात. बाजूने आलेला आवाज दोन्ही कानांत पोचायला जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंदांचा फरक पडतो आणि मेंदू तेवढ्यावरून दिशा ओळखतो. फोनच्या एकाच स्पीकरवर हा फरक नाहीसा होतो. ‘मला काहीच होत नाही’ म्हणणाऱ्यांनी आधी हेडफोन लावून पाहावं. आवाज शक्य तितका कमी ठेवा. कुजबुज ऐकू यावी म्हणून तो वाढवून ठेवला की मध्येच जाहिरात कानठळ्या बसवते, आणि मग पुढे बराच वेळ शरीर सावध राहतं. जाहिरात नसलेली फाइल आधीच उतरवून ठेवणं आणि वीस-तीस मिनिटांचा टायमर लावणं बरं. कुशीवर झोपणाऱ्याने कानात खुपसायचे इअरफोन टाळावेत, पट्टीसारखे चपटे मिळतात ते बरे.

रोज तेच ऐकलं की काही आठवड्यांत झिणझिण्या मंदावतात. यात घाबरण्यासारखं काही नाही, ही सवयच. आठवडाभर पूर्ण बंद ठेवा, नाहीतर कुजबुजीवरून पानं उलटण्याच्या, ब्रशच्या किंवा टिचक्यांच्या आवाजाकडे वळा. तेच ऐकत आवाज आणखी मोठा करणं हा मात्र उपाय नाही.

आता दोन माणसांमधलं. जोडीदाराबरोबर हे करून पाहायचं असेल तर भाव कमी आणि गती जास्त महत्त्वाची. केस असलेल्या त्वचेत सी-टॅक्टाइल नावाचे मज्जातंतू असतात. सेकंदाला १ ते १० सेंटीमीटर वेगाने फिरणाऱ्या हलक्या स्पर्शाला ते उत्तम प्रतिसाद देतात, त्यातही साधारण ३ सेंटीमीटरला. हे वाचायला सोपं वाटतं, पण हात नकळत याहून भरभर पळू शकतो. कोपरापासून मनगटापर्यंत साधारण २५ सेंटीमीटर धरा, म्हणजे तेवढ्याला आठ सेकंद लागायला हवेत. मनात आकडे मोजा. हात कोमट असू द्या, थंड बोटं लागली की सगळं फसतं. दाब इतका की त्वचा दबू नये, आणि इतका हलकाही नाही की नुसतं टोक लागून गुदगुली व्हावी. कंबरेची बाजू आणि तळपाय सोडून द्या, तिथे हमखास गुदगुली होते. एकाच रेषेवर हात फिरवत राहिलं की मज्जातंतू थकतात, म्हणून दोन-तीन मिनिटांनी जागा बदला: हात, मग खांदा, मग मानेमागची केसांची रेघ, मग टाळू.

बोलायचं असेल तर तोंड थेट कानाच्या भोकासमोर नेऊ नका. १५ ते २० सेंटीमीटर दूर, जरा तिरपं, गालाच्या दिशेने बोला. समोरून बोललं तर ‘प’ आणि ‘फ’ची हवा कानात फटकन बसते आणि ‘स’, ‘श’ टोचतात. काय बोलावं हा प्रश्न बहुतेकांना पडतो. उत्तर साधं आहे: जे करताय तेच सांगा. ‘आता डावीकडे येतोय. आता मानेवर.’ पुढे काय होणार हे आधी कळलं की शरीर पहारा सोडतं. गोड बोलायची गरज नाही, उलट मध्येच ‘किती सुंदर दिसतेस’ आलं की ऐकणारीला उत्तर द्यावंसं वाटतं आणि ती त्या अवस्थेतून बाहेर येते. प्रश्न तर अजिबात नकोत. दर मिनिटाला ‘आलं का? काही जाणवतंय का?’ विचारणं हे या प्रयोगाचं सगळ्यांत नेमाने होणारं मरण.

आधी मात्र नक्की विचारा. तोंडाचे, चावण्याचे, ओठांचे आवाज काहींना असह्य होतात. मिसोफोनिया म्हणतात त्याला, आणि ज्यांना झिणझिण्या येतात त्यांच्यापैकीही काहींना तो त्रास असतो. एकच माणूस एका आवाजाने विरघळतो आणि दुसऱ्या आवाजाने चिडून उठतो. कुठले आवाज चालतील, कुठे हात लावलेला चालेल, थांबवायचं कसं, हे दिवा लावलेला असताना, नेहमीच्या आवाजात ठरवा. आणि एक गोष्ट सगळ्यांत आधी ठरवा: हे कशाकडे नेणार आहे का? हळूहळू चाललेला हात अचानक शृंगाराकडे वळला की दुसऱ्याला कळतं की हे सगळं प्रस्तावना होती. पुढच्या वेळी त्याच्या मानेवर हात ठेवताच ती मान ताठ होते, कारण आता स्पर्शाला किंमत चिकटली. दोघांनाही हवं असेल तर खुशाल वळा, पण ते आधी बोललेलं असावं. निदान पहिले काही वेळा ‘आज फक्त एवढंच’ असं ठरवून तेवढंच करा.

काहींना काहीच होत नाही, कितीही सराव केला तरी. यावरून नात्याबद्दल काही अनुमान काढू नका. संथ स्पर्शाने बरं वाटायला झिणझिण्यांची गरज नसते.

जोडीदार रात्री अनोळखी बाईची किंवा पुरुषाची कुजबुज ऐकतो हे कळल्यावर दुखावणारे बरेच आहेत. तो आवाज पलंगावर तिसरा माणूस होऊन बसल्यासारखा वाटतो. त्या आवाजाची खरी ओढ कशात आहे हे समजून घेतलं तर बोलणं सोपं जातं: त्याला उत्तर द्यावं लागत नाही, त्याचा मूड सांभाळावा लागत नाही, तो दुखावत नाही. ही एकतर्फी जवळीक आहे, आणि दिवसभर सगळ्यांचं ऐकून दमलेल्या माणसाला एकतर्फी असणंच सोयीचं वाटतं. जोडीदाराच्या प्रेमाला तो पर्याय सहसा नसतो, झोपेच्या गोळीला असतो. मात्र बोलण्याची वेळ आली की दरवेळी हेडफोन कानात जात असतील, तर विषय एएसएमआरचा नाही, न झालेल्या बोलण्याचा आहे, आणि तो हेडफोन काढायला लावून सुटत नाही.

शेवट कसा करायचा हे सहसा कुणी सांगत नाही, आणि बहुतेकदा तिथेच रसभंग होतो. हात एकदम उचलू नका. आधी वेग आणखी कमी करा, मग तळहात खांद्यावर किंवा पाठीवर स्थिर ठेवा आणि अर्धा मिनिट तसाच राहू द्या. मग हळू आवाजात सांगा, ‘आता हात काढतोय’, आणि काढा. समोरचा झोपी गेला असेल तर सांगायचीही गरज नाही.