सॉलिड गोळी निवडताना आधी टोक बघा

हत्तीसारख्या मोठ्या जनावराच्या शिकारीसाठी सॉलिड, म्हणजे न फुलणारी गोळी वापरतात. हत्तीच्या डोक्यात मेंदूच्या पुढे मधमाश्यांच्या पोळ्यासारखं पोकळ हाड असतं, तेही फूटभराहून जाड. ते भेदून गोळी नेमक्या रेषेत मेंदूपर्यंत पोचायला हवी. मऊ टोकाची, लागल्यावर फुलणारी सॉफ्ट पॉइंट गोळी इथे कमी पडते. सॉलिड गोळी फुलत नाही, म्हणून ती खोल जाते. पण न फुलणारी प्रत्येक गोळी सरळ जातेच असं नाही.

गोल टोकाच्या गोळीचं वजन मागच्या बाजूला असतं. मांसात शिरल्यावर तिच्या कडेवर दाब येतो आणि ती तिरकी होते, कधी उलटीही फिरते. सपाट टोक मांस बाजूला फेकतं, गोळीभोवती पोकळी तयार होते, कडांना काही लागत नाही आणि गोळी नाकासमोर जात राहते. सपाट भाग व्यासाच्या साधारण दोन तृतीयांश असावा. माझ्या मते निवडीत कंपनीच्या नावाआधी हे बघायला हवं.

बांधणीचे प्रकार दोन: शिशाच्या गाभ्यावर पोलादाचं जाड कवच, किंवा अख्खी पितळ-तांब्याची. कवच पातळ असेल तर ते हाडावर चेपतं, वाकतं किंवा फाटतं. अख्ख्या धातूची गोळी तशी चेपत नाही, पण शिशापेक्षा हलकी असल्यामुळे तेवढ्याच वजनाला लांब होते आणि काडतुसातली दारूची जागा खाते. .४५८ विंचेस्टर मॅग्नमच्या आखूड काडतुसात हे फार जाणवतं. तिथे ५०० ऐवजी ४५० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी घ्यावी. बाकीच्या काडतुसांपैकी .३७५ एच अँड एचमध्ये ३०० आणि .४१६ रिग्बीमध्ये ४०० ग्रेन ही नेहमीची वजनं.

जुन्या दुनळी रायफलीत कठीण, गुळगुळीत अंगाची अख्खी गोळी घालू नका. नळ्या पातळ असतात, आट्यांवर, म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार चरांवर, ताण येतो. अंगावर खाचा असलेली गोळी तो ताण कमी करते. शिवाय दोन्ही नळ्या ठरावीक वजन आणि वेगाला जुळवलेल्या असतात. .४७० नायट्रो एक्सप्रेसला ५०० ग्रेन आणि सेकंदाला सुमारे २१५० फूट. त्यात बदल केला की दोन नळ्यांच्या गोळ्या दोन ठिकाणी लागतात.

बोल्ट रायफलीत सपाट टोक चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या, कडेला अडू शकतं. म्हणून मॅगझीन पूर्ण भरून, बोल्ट जोरात आणि हळू अशा दोन्ही तऱ्हांनी मागेपुढे करून, प्रत्येक काडतूस आत जातं का ते बघा. हे रेंजवरच, नळी सुरक्षित दिशेला ठेवून. काही गोळ्या झाडल्यावर मॅगझीनमधल्या उरलेल्या काडतुसांची लांबीही मोजा. धक्क्याने गोळी आत सरकली असेल तर क्रिंप, म्हणजे गोळीवरची काडतुसाच्या तोंडाची पकड, सैल आहे.

केप म्हशीला (आफ्रिकेतल्या रानम्हशीला) पहिली गोळी सहसा चांगली सॉफ्ट पॉइंट, मागाहूनच्या सॉलिड. कळपात सॉलिड आरपार जाऊन मागच्या जनावराला जखमी करते आणि ते जनावर झाडीत निघून जातं. मागे काय उभं आहे हे दिसत नसेल तर चाप ओढायचाच नाही. सॉफ्ट आणि सॉलिड दोन्ही ५० यार्डांवर एकाच जागी लागतात का, हे जाण्याआधी कागदावर तपासा. लागत नसतील तर दुसरी सॉलिड शोधा.