बसण्याची जागा : आमची वाटचाल

मराठीत प्यायला जाण्याला ‘बसणं’ म्हणतात. ‘आज बसायचं का?’ एवढं विचारलं की समोरच्याला सगळं कळतं, बाटलीचं नावही घ्यावं लागत नाही. हे वाक्य मी हजारदा ऐकलं, शेकडो वेळा स्वतः बोललो. आणि तरीही स्वतःचा कॉकटेल बार उघडताना बसण्याचा विचार सगळ्यात शेवटी केला. आमची आजवरची वाटचाल म्हणजे बरीचशी ती चूक निस्तरण्याची गोष्ट आहे.

मी मूळचा इंटिरियरवाला. बारा वर्षं दुसऱ्यांची हॉटेलं आणि दुकानं सजवली. भागीदार माझा जुना मित्र, मोठ्या हॉटेलांत काउंटरमागे हात बसलेला बारटेंडर. त्याला स्वतःचा काउंटर हवा होता. मला एकदा तरी, गिऱ्हाइकाने मध्ये न बोलता, मनासारखी जागा करायची होती. (बार उघडून गिऱ्हाईक टाळायचं स्वप्न बघणारा मी एकटाच असेन.)

जागा देखणी झाली यात वाद नाही. संगमरवरी काउंटर, पितळी पट्ट्या, मागे छतापर्यंत काचेची फळकुटं आणि प्रत्येक फळकुटाखाली दिवे. आलेले लोक आधी फोटो काढायचे, मग मेन्यू मागायचे. पहिले दोन महिने गर्दी होती. मग हळूहळू खटकायला लागलं. लोक येत, एक ड्रिंक घेत आणि उठत. परत आलेला चेहरा क्वचित दिसे.

एका रविवारी दुपारी बंद बारमध्ये मी गिऱ्हाईक होऊन स्टुलावर बसलो. दहा मिनिटांत मांड्या भरून आल्या. काउंटर जमिनीपासून ११० सेंटिमीटर, ते ठीक. पण स्टूल ८५चं, आणि काउंटरची जाडी त्यातून वजा केली तर गुडघ्यांना जागाच उरत नव्हती. पाय टेकवायला दांडी नाही, पिशवी अडकवायला हूक नाही, पाठीला आधार नाही. संध्याकाळी तिथेच बसून राहिलो तेव्हा आवाजाचंही कळलं. संगमरवर, काच, सिमेंटची भिंत, सगळंच आवाज परत फेकणारं. एक टेबल मोठ्याने बोलू लागलं की शेजारचं त्याहून मोठ्याने, आणि तासाभरात सगळा बार ओरडत होता. पुढे टेबलांच्या पोटाला फेल्ट चिकटवलं, मागच्या भिंतीवर जाड पडदा सोडला, स्टुलं दहा सेंटिमीटर कापली. कापायला आलेला सुतार माझा जुनाच माणूस. तो म्हणाला, “साहेब, दुसऱ्यांच्या कामाला तुम्ही आधी बसून बघायचात की.” यावर मी काय बोलणार!

३४ खुर्च्यांच्या २८ झाल्या. कमी केलेल्या सहा खुर्च्यांचा हिशोब मी बरेच दिवस मनात मांडत होतो. तो आपोआप थांबला.

त्याच सुमारास एक बाई एकट्या आल्या, निग्रोनी हे कॉकटेल मागितलं. जिन, गोड व्हर्मूथ आणि कंपारी हे लाल, कडवट मद्य, प्रत्येकी ३० मिलिलिटर. इंटरनॅशनल बारटेंडर्स असोसिएशनच्या यादीत हेच प्रमाण आहे आणि आमचंही काटेकोर तेच. एक घोट घेऊन त्यांनी ग्लास हलकेच पुढे सरकवला आणि विचारलं, “व्हर्मूथ कधीची उघडलेली आहे?” भागीदाराचा चेहरा उतरला. व्हर्मूथ म्हणजे शेवटी वाइनच, थोडं मद्य घालून जोर वाढवलेली आणि वनस्पतींचा वास दिलेली. बाटली उघडली की हवेने तिची चव पडत जाते. ती फ्रिजमध्ये ठेवायची आणि काही आठवड्यांत संपवायची. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण लेबलं सुंदर म्हणून त्या बाटल्या दिव्यांच्या फळकुटावर मांडायचा हट्ट माझा होता, आणि काउंटरच्या रेषेत बसावा म्हणून फ्रिजही मीच छोटा घेतला होता. बाईंना दुसरी ताजी बाटली उघडून ड्रिंक दिलं. त्या रात्री भागीदार माझ्याशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मोठा फ्रिज आला, रेष मोडली.

बर्फाची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण तिथे मी भागीदारापेक्षा जास्त शिकलो. बर्फ म्हणजे बर्फ, असं मला वाटायचं. आमच्या मशीनमधून भोकं असलेले छोटे, ओलसर खडे पडायचे आणि ड्रिंक अर्ध्यावर येईतो पाणचट व्हायचं. ‘मग बर्फ कमी टाक,’ हा माझा सल्ला. भागीदाराने कपाळावर हात मारला. एक ग्रॅम पाणी एका अंशाने थंड करायला सुमारे ४.२ जूल लागतात, पण एक ग्रॅम बर्फ वितळताना ३३४ जूल ओढून घेतो. म्हणजे ड्रिंक थंड होतं ते मुख्यतः बर्फ वितळल्यामुळे, आणि वितळलेलं पाणी ड्रिंकमध्येच उतरतं. बर्फासोबत ढवळलेल्या ९० मिलिलिटर मिश्रणात ४० मिलिलिटरच्या आसपास पाणी मिसळतं आणि ते मिसळायलाच हवं. १३ मे १८०६ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वृत्तपत्रात कॉकटेलची जी व्याख्या छापली गेली, तिच्यातही चार गोष्टी आहेत : मद्य, साखर, बिटर्स (म्हणजे वनस्पतींचा कडू अर्क) आणि पाणी. पाणी हा कृतीचा भाग आहे, ते किती आणि कधी यावं एवढंच बारटेंडरच्या हातात असतं. बर्फ कमी टाकला तर तो लवकर संपतो आणि ड्रिंक कोमट, पातळ होतं. माझा सल्ला नेमका उलटा होता.

मग आम्ही स्वतः बर्फ करायला लागलो. पद्धत सोपी आहे. कॅम्पर इंग्लिश या लेखकाने ती २००९ मध्ये लोकांसमोर मांडली. जाड भिंतींचा थर्मोकोलचा डबा घ्यायचा, झाकण काढायचं, पाणी भरून फ्रीझरमध्ये ठेवायचा. थंडी फक्त वरून लागते, म्हणून पाणी वरून खाली गोठत जातं आणि आतली हवा नि क्षार खाली ढकलले जातात. तळ गोठायच्या आत डबा बाहेर काढला की वर काचेसारखी लादी मिळते. करवतीने तिचे पाच सेंटिमीटरचे ठोकळे करायचे. पारदर्शक बर्फ हळू वितळतो असं पुष्कळजण सांगतात, पण खरा फरक पडतो तो आकाराने. मोठ्या ठोकळ्याला वजनाच्या मानाने पृष्ठभाग कमी. पारदर्शकपणा आहे तो डोळ्यांसाठी. तेवढी एक हौस भागीदाराने मला परत दिली.

आता ताईबद्दल. माझी मोठी बहीण, वीस वर्षं कॅन्टीन चालवलेली. ती आमचे हिशोब बघायची. स्वयंपाकघर असं आमच्याकडे नव्हतंच. चखण्याला भाजलेले दाणे आणि बरणीतले ऑलिव्ह, की झालं. एके दिवशी तिने बिलांची चळत समोर टाकली. “साडेनऊला सगळे का उठतात माहितीये? भूक लागते. तू लोकांना उपाशी पाजतोयस.”

माझं ऑफिस गेलं आणि तिथे स्वयंपाकघर आलं. चिमणी बसवायला वाट नव्हती म्हणून तळण बाद. एक ओव्हन, एक इंडक्शन शेगडी. मेन्यूचे नियम ताईनेच घातले : एका हाताने खाता आलं पाहिजे, कारण दुसऱ्या हातात ग्लास असतो. दोन घासांत संपलं पाहिजे. पहिलं ड्रिंक संपायच्या आत टेबलावर आलं पाहिजे. भाजलेले बटाटे, मश्रूम, चीज वितळवलेला टोस्ट अशा साध्या गोष्टींनी सुरुवात झाली. पहिल्याच आठवड्यात लसणाच्या बटरने सगळा बार घमघमला. भागीदार संत्र्याची साल ग्लासवर पिळून तिचं तेल उडवायचा, ते कुणाच्या नाकापर्यंत पोहोचेना. लसूण गेला. चीज मात्र टिकलं, कारण ड्रिंकमधल्या लिंबाच्या आंबटपणाने तोंडातला स्निग्धपणा धुतला जातो आणि पुढचा घास पुन्हा नवा लागतो.

ताई स्वतः पीत नाही. पण एकदा कडवट ड्रिंकचा एक थेंब जिभेवर घेऊन म्हणाली, “मीठ कमी आहे.” आम्ही दोघे हसलो. मग भागीदाराने गुपचूप मिठाच्या पाण्याचे तीन थेंब टाकून बघितले. मीठ कडूपणा दाबतं आणि मागे लपलेली फळांची चव पुढे येते. हे अनेक बारटेंडर करतात, पण आमच्या काउंटरवरची ड्रॉपरची बाटली ताईचीच म्हणायची.

न पिणाऱ्यांकडे आमचं लक्ष गेलं तेही तिच्यामुळे. ती तासन् तास बसायची आणि तिच्यापुढे कोलाचा कॅन. आता बिनमद्याची सहा ड्रिंक्स आहेत, त्याच ग्लासात, त्याच ठोकळ्यांवर. गाडी चालवणारा माणूस ती निवांत मागतो. पाणी न मागता येतं. भरल्या पोटी मद्य जठरातून सावकाश पुढे सरकतं, म्हणून हळू चढतं. आमच्याकडची भांडणं कमी झाली त्याचं श्रेय मी निम्मं तरी टोस्टला देईन.

मेन्यूवरची काव्यात्म नावंही काढली. ती मीच ठेवली होती. आता लिहिलेलं असतं : आंबट, हलकं, उंच ग्लासात. किंवा : कडू, जोरदार, सावकाश पिण्याचं. लोक लाजत नाहीत, बोट ठेवतात.

गेल्या महिन्यात दुसऱ्या जागेची विचारणा आली. मी, भागीदार आणि ताई बघायला गेलो, सोबत ७५ सेंटिमीटरचं एक स्टूल घेऊन. दलाल हसला. आम्ही आळीपाळीने तासभर बसलो. ताईने चिमणीची वाट कुठून काढता येईल ते पाहिलं, भागीदाराने फ्रिजची भिंत मोजली. मला दिवे कुठे लावायचे ते दिसत होतं, पण गप्प राहिलो. सौदा अजून ठरलेला नाही.