पृथ्वीचे वय आणि उष्णतेचा हिशेब

उष्णता आणि तापमान या दोन वेगळ्या राशी आहेत, हे आपण शाळेत पाठ करतो. पण त्या फरकाला किती महत्त्व आहे, हे पृथ्वीच्या वयाचा जुना वाद वाचल्याशिवाय नीट उमगत नाही, असे माझे ठाम मत आहे.

तापमान हे पदार्थातील कणांच्या सरासरी गतिज ऊर्जेचे माप असते, तर तापमानातील फरकामुळे एकीकडून दुसरीकडे जाणारी ऊर्जा म्हणजे उष्णता. शून्य अंश सेल्सिअसचा बर्फ वितळत असताना दर ग्रॅममागे सुमारे ८० कॅलरी उष्णता शोषली जाते, आणि तरीही सगळा बर्फ वितळेपर्यंत तापमापीतील पारा जागचा हलत नाही. जोसेफ ब्लॅक यांनी अठराव्या शतकात ही अप्रकट उष्णता ओळखली. त्यामुळे केवळ तापमान मोजून उष्णतेचा हिशेब लागत नाही, हे स्पष्ट झाले.

खोल खाणीत उतरताना तापमान वाढत जाते; भूकवचाच्या वरच्या भागात ही वाढ साधारणपणे दर किलोमीटरला २५ ते ३० अंश असते. अर्थात पृथ्वीच्या पोटातून उष्णता सतत बाहेर पडत आहे. लॉर्ड केल्विन यांनी १८६२ मध्ये याच वाढीवरून पृथ्वीचे वय काढले. आरंभी तप्त, वितळलेली असलेली पृथ्वी घट्ट झाल्यावर केवळ उष्णतावहनाने, म्हणजे पदार्थ न हलता कणाकणांतून उष्णता बाहेर सरकत, निवत गेली, असे त्यांनी गृहीत धरले. अशा गोलाचा थंड झालेला बाहेरचा थर काळाबरोबर जाड होतो आणि खोलीनुसार होणारी तापमानवाढ मंदावते; म्हणून आजची वाढ मोजली की गेलेला काळ कळतो. फूरिए यांच्या उष्णतावहनाच्या समीकरणावर आधारलेले हे गणित निर्दोष होते. उत्तर आले २ कोटी ते ४० कोटी वर्षे, आणि पुढे केल्विन यांनी ते २ ते ४ कोटींपर्यंत खाली आणले. खडकांचे थर साचायला आणि झिजायला लागणारा काळ पाहणाऱ्या भूवैज्ञानिकांना एवढ्या वर्षांत काहीच बसवता येईना.

केल्विन यांना किरणोत्सारिता, म्हणजे काही अणूंच्या आपोआप होणाऱ्या क्षयातून ऊर्जा बाहेर पडणे, ठाऊक नव्हती म्हणून ते चुकले, असे बहुतेक ठिकाणी लिहिलेले आढळते. हे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते. त्यांच्या गणितात निवलेला थर जेमतेम शंभर-दीडशे किलोमीटरचा होता, आणि तेवढ्या थरातील किरणोत्सारी उष्णता मिळवली तरी उत्तर फारसे बदलत नाही. खरी उणीव त्यांचेच जुने साहाय्यक जॉन पेरी यांनी १८९५ मध्ये, म्हणजे किरणोत्सारितेचा शोध लागण्याच्या आदल्या वर्षी, दाखवून दिली होती. आतील पदार्थ अभिसरणाने, म्हणजे स्वतः वरखाली फिरत, उष्णता वर आणत असेल, तर भूपृष्ठाजवळची तापमानवाढ अब्जावधी वर्षे तीव्र राहू शकते. प्रावरण, म्हणजे भूकवचाखालचा खडकाचा जाड थर, घन असूनही अतिशय संथपणे, वर्षाला काही सेंटिमीटर या वेगाने वाहते, हे आज आपल्याला माहीत आहे. पेरी यांचे म्हणणे त्या काळी गांभीर्याने घेतले गेले नाही, याची मला आजही हळहळ वाटते.

वयाचे नेमके उत्तर मिळाले ते क्लेअर पॅटरसन यांच्याकडून. युरेनियमचा क्षय होत होत शेवटी त्याचे शिसे बनते; १९५६ मध्ये त्यांनी पृथ्वीबरोबरच घडलेल्या उल्कापाषाणांतील शिशाच्या समस्थानिकांचे (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानाच्या अणूंचे) प्रमाण मोजून ४.५५ अब्ज वर्षे हा आकडा मांडला. या पद्धतीत पृथ्वी किती वेगाने निवली, हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण खडक कितीही तापला किंवा थंड झाला तरी युरेनियमच्या क्षयाचा वेग तोच राहतो.