चाल बांधणारा शेजारी

आल्फ्रेड हिचकॉकचा 'रिअर विंडो' (1954) किती वेळा पाहिला याची मोजदाद मी केव्हाच सोडली आहे. मात्र त्यातली एक गोष्ट ध्यानात यायला चौथी खेप उजाडावी लागली, याची थोडी लाजही वाटते. पाय प्लास्टरमध्ये असलेला एक छायाचित्रकार खिडकीत बसून चौकापलीकडची बिऱ्हाडे न्याहाळतो आणि त्यांपैकी एका घरात खून झाल्याचा त्याला संशय येतो, हे कथानक बहुतेकांना ठाऊक असते. त्याच चौकाच्या कडेला, मोठ्या काचांच्या खोलीत, एक संगीतकार पियानोवर चाल बांधत असतो. ती चाल मी तीनदा ऐकली होती, पण शेजारच्या घरातून येणारा आवाज म्हणून.

चौथ्या वेळी मी त्याच्यामागे लागलो. सुरुवातीला तो काही सुरांशी नुसता झटापट करत असतो. एकदा तर झिंगून घरी येतो आणि पियानोवरचे कागद चिडून उधळून देतो. पुढे त्याच्या घरी मेजवानी होते, मग वादक जमतात, आणि अर्धवट चाल हळूहळू अंगाने भरत जाते. जीव द्यायला निघालेली खालच्या मजल्यावरची एकाकी बाई तीच चाल ऐकून थांबते, आणि अखेरीस त्याच्या खोलीत बसून त्या गाण्याची तबकडी ऐकते. गाण्यातले नाव 'लिसा' आहे, म्हणजे नायिकेचेच. एक अख्खे गाणे माझ्यासमोर जन्मले आणि मी मात्र खुनी कुठे गेला ते शोधत होतो.

यात डोळ्यांचाही दोष आहेच. हात लांब करून अंगठा धरला, तर त्याच्या रुंदीएवढ्याच भागातले आपल्याला खरोखर स्पष्ट दिसते. बाकीचे चित्र मेंदू जुळवून घेतो. शिवाय लक्ष गुंतलेले असले की समोरचेही निसटते. डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर चॅब्रिस यांच्या 1999 सालच्या प्रसिद्ध प्रयोगात चेंडूची देवाणघेवाण मोजणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांना खेळाडूंमधून चालत गेलेला गोरिलाच्या वेषातला माणूस दिसलाच नव्हता. पहिल्यांदा चित्रपट पाहताना कथानक आपल्याला असाच चेंडू मोजायला बसवते, आणि पुढे काय होणार हे कळलेले असले की मोजणी संपून नजर मोकळी होते.

दृश्य थांबवून, मोठे करून मागच्या वस्तू तपासणे मला पटत नाही, आणि एका क्षणी भरलेला पेला दुसऱ्या क्षणी रिकामा कसा, असल्या चुका वेचण्यात तर मला मुळीच रस नाही. चालत्या दृश्यातच जे सापडते तेच दिग्दर्शकाने आपल्यासाठी ठेवलेले असते, असे मी मानतो. हा संपूर्ण चौक पॅरामाउंटच्या स्टुडिओत उभारलेला सेट होता आणि त्यात 31 बिऱ्हाडे होती, म्हणजे तिथली एकही खिडकी आपोआप आलेली नाही. आरंभीच्या दृश्यात तापमापकाचा पारा 90 अंश फॅरनहाइटच्या वर असतो. शेवटी तो बराच उतरलेला दिसतो. मोडका कॅमेरा आणि शर्यतीतल्या अपघाताचे छायाचित्र एवढ्यावरच, कुणी एक शब्द न बोलता, नायकाचा पाय कसा मोडला ते सांगून होते.

गंमत अशी की, संगीतकाराची खोली मी पहिल्यापासून नीट पाहत होतो. हिचकॉक आपल्या चित्रपटांत क्षणभर स्वतः दिसतो हे माहीत असल्यामुळे मी त्याच्या शोधात असे, आणि इथे तो नेमका त्याच खोलीत, घड्याळाला किल्ली देताना दिसतो. तो सापडला की मी समाधानाने नजर दुसरीकडे वळवत असे, आणि त्याच्या शेजारी पियानोवर बसलेला माणूस आपली चाल बांधत राही.