चोवीस ओळींचा तक्ता शहाण्णव ओळींचा झाला

२०११ साली आम्ही दोघा मित्रांनी नोकऱ्या सोडून कारखान्यांना वीज खरेदी करून देण्याचा व्यवसाय सुरू केला, तेव्हा घरी तो समजावून सांगताना नाकी नऊ आले. "वीज महावितरण देतं, बिल तेच पाठवतं, मग मध्ये तुम्ही कोण?" आईचा प्रश्न अगदी रास्त होता.

२००३च्या वीज कायद्याने मोठ्या ग्राहकाला मुक्त प्रवेशाची वाट उघडून दिली. म्हणजे भार एक मेगावॉट किंवा त्याहून जास्त असेल, तर वीज दुसरीकडून घ्यायची आणि वितरण कंपनीच्या तारांचं भाडं भरून ती कारखान्यात आणायची. २००८मध्ये वीज एक्स्चेंज, म्हणजे बोली लावून वीज विकत घेण्याचा बाजार, सुरू झालं आणि ही खरेदी दुसऱ्या दिवसापुरतीही करता येऊ लागली. कारखानदारासाठी परवानगीचे कागद करायचे, मीटर बसवून घ्यायचा, रोज बोली लावायची आणि महिन्याचा हिशेब मांडायचा, हे आमचं काम. भाडं आणि क्रॉस सबसिडी अधिभार (इतरांची वीज स्वस्त ठेवण्यासाठी मोठ्या ग्राहकाकडून घेतात तो) जाऊनही वीज स्वस्त पडली की ग्राहक खूश. धंदा एवढाच आहे, असं आम्हाला वाटत होतं.

तेव्हा बोलीचा तक्ता चोवीस ओळींचा होता, तासाला एक ओळ. २०१२च्या एप्रिलपासून पंधरा मिनिटांचा एक ब्लॉक झाला आणि ओळी झाल्या शहाण्णव. आम्ही काय केलं, तर प्रत्येक जुनी ओळ चारदा चिकटवली. त्या आळसाची किंमत पुढे चुकवावी लागली.

आमचा पहिला मोठा ग्राहक इंडक्शन भट्टीवाला होता, म्हणजे विजेवर धातू वितळवणारा. आम्ही दिवसभरासाठी सरसकट एकच आकडा लावायचो. एकदा बोली मंजूर झाली आणि त्याच रात्री भट्टीचं लायनिंग, म्हणजे आतलं अस्तर, गेलं. नवं लायनिंग ठोकून भट्टी सुरू व्हायला दोन दिवस लागले. पण घेतलेल्या विजेचे पैसे वापर होवो न होवो, भरावेच लागतात. मालक शांतपणे म्हणाले, "साहेब, बचत तुमच्या कागदावर होती, नुकसान माझ्या बँकेत दिसतंय." त्या महिन्याची फी आम्ही मागितलीच नाही. त्यानंतर मी आठवडाभर भट्टीजवळ बसून हीट (धातू वितळवण्याची एक खेप) कधी लागते, चार्जिंगला म्हणजे भट्टीत माल भरायला किती वेळ जातो, ओतकामाच्या वेळी भार किती उतरतो, ते वहीत टिपून घेतलं. तिथल्या फोरमन मामांनी एका दुपारी जे शिकवलं, ते आमच्या वर्षभराच्या एक्सेलला जमलं नव्हतं.

पण ग्राहकाचा वापर कळला म्हणजे अर्धंच काम झालं. भाव ठरतो तो बाकीच्यांच्या मागणीवर. महाराष्ट्रात ही मागणी पावसाच्या तालावर चालते. जूनमध्ये चांगला पाऊस झाला की एसी थंडावतात, शेतीपंप बंद होतात आणि एक्स्चेंजवरचा भाव नरमतो. ऑगस्टमध्ये पावसाने ओढ दिली की पंप पुन्हा सुरू. ऑक्टोबरची गंमत वेगळी. उकाडा वाढतो, शेतीला पाणी लागतं आणि पावसाळ्यात खाणींतून कोळसा कमी निघाल्याने औष्णिक केंद्रांचे साठे नेमके तेव्हाच खाली गेलेले असतात. शेतीला वीज देणाऱ्या वाहिनीची, म्हणजे फीडरची पाळी दिवसाची आहे की रात्रीची, यावरही बरंच अवलंबून. आमच्याकडे हवामानाचा अंदाज पाहिल्याशिवाय कोणी चहा पीत नाही, ही थट्टा आहे, पण फारशी नाही.

आणि कोयना. १,९६० मेगावॉटचा हा प्रकल्प काही मिनिटांत भार उचलतो, म्हणून संध्याकाळच्या कमाल मागणीला तोच आठवतो. पण वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाची ६७.५ टीएमसीची मर्यादा आहे आणि ते वर्ष जूनला सुरू होतं. त्यामुळे मे महिन्यात कोट्यातलं पाणी किती उरलंय, हे आम्ही घरच्या टाकीसारखं पाहतो.

तारांचं महत्त्व २०१२च्या जुलैत कळलं. उत्तरेत विजेची ओढ होती, पश्चिमेकडून तिकडे भरमसाट वीज वाहत होती. बीना-ग्वाल्हेर वाहिनी तुटली आणि ३० व ३१ जुलैला उत्तरेचं ग्रिड कोसळलं, दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्येचंही. आपला पश्चिम विभाग वाचला. एका बाजूला वीज शिल्लक आणि दुसऱ्या बाजूला अंधार, मध्ये फक्त वाहिनी! त्या काळात दक्षिणेतल्या राज्यांना एक्स्चेंजवर आपल्यापेक्षा कितीतरी चढा भाव मोजावा लागे, तोही याच कारणाने. २०१३च्या ३१ डिसेंबरला रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिण विभाग देशाच्या ग्रिडला जोडला गेला. पुढे वाहिन्या वाढल्या तशी ती तफावत ओसरत गेली.

आमची सर्वांत वाईट वेळ २०२२च्या उन्हाळ्यात आली. मार्चमध्येच उष्णतेची लाट, कोळशाची टंचाई आणि भाव थेट वीस रुपये युनिटच्या कमाल मर्यादेला. एप्रिलच्या सुरुवातीला केंद्रीय वीज नियामक आयोगाने ती बारावर आणली. बरं वाटलं, पण चार दिवसच. सगळेच खरेदीदार बारा रुपयांवर रांगेत उभे राहिले, विक्रीला वीज मात्र तेवढीच. मग प्रत्येकाला थोडी थोडी वाटून मिळते. दहा मागितली तर तीन-चार पदरात, तीही बारा रुपयांनी. आम्ही ग्राहकांना सरळ सांगितलं, सध्या महावितरणचीच वीज घ्या. आमचं उत्पन्न जवळजवळ बंद पडलं आणि एका सहकाऱ्याला पगार थकल्यामुळे जावं लागलं. ते अजून मनाला लागतं.

सावरलो ते एक्स्चेंजवरच्या रिअल टाइम, म्हणजे ऐनवेळच्या खरेदीच्या बाजारामुळे. तो २०२०च्या जूनमध्ये सुरू झाला होता, पण आम्ही घाबरून लांब होतो. तिथे दर अर्ध्या तासाला लिलाव होतो. आता भट्टीचा खात्रीचा भार आदल्या दिवशी घेतो आणि बेभरवशाचा ऐनवेळी. २०२२मध्येच हरित ऊर्जेच्या मुक्त प्रवेशाची अट शंभर किलोवॉटवर आली आणि ज्यांना आम्ही दारातूनच परत पाठवायचो ते छोटे कारखानेही ग्राहक झाले.

सध्याची डोकेदुखी दुपारची आहे. सौर वीज एवढी वाढली की दुपारी भाव पडतो आणि सूर्य कलला की तासा-दोन तासांत चढतो. वर्षानुवर्षं आम्ही सांगत आलो, रात्री दहानंतर भट्टी लावा, सवलत आहे. २०२५मध्ये वेळेनुसारच्या दरांत ती सवलत दिवसाकडे सरकली. मालकांना पटवणं सोपं गेलं. मामांच्या रात्रपाळीतली पोरं मात्र रात्रभत्ता बुडाला म्हणून आमच्यावर खार खाऊन आहेत. गेल्या खेपेला भट्टीवर गेलो तर मला चहाही कोणी विचारला नाही.