आठव्याकडे पाहा, पहिल्याला हात लाव

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायचे ठरले आणि आधी आठवली ती मैदानामागची टिनाची शेड. आठवीत टेक्निकल घेतलेल्या आम्हा मुलांचे तास तिथे व्हायचे. कानशी, शेगडे, हॅकसॉ, आणि कोपऱ्यात लोखंडी स्टँडवर चार सिलिंडरचे एक जुने मोटारीचे इंजिन. ते आमच्या काळात एकदाही सुरू झाले नाही. सर आमच्याकडून ते नुसते हाताने फिरवून घ्यायचे, तासन्‌तास. 1986 साली मी दहावी होऊन बाहेर पडलो. त्या शेडमधले शिक्षण सगळेच्या सगळे कामी आले ते मात्र गेल्या मे महिन्यात, नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाड्याच्या अंगणात.

बाबांची 1972 सालची अ‍ॅम्बॅसिडर मार्क 2 ते गेल्यापासून चौदा वर्षे ताडपत्रीखाली उभी होती. मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली ही गाडी उत्तरपाड्याच्या कारखान्यात 2014 पर्यंत तयार होत राहिली, म्हणून पार्ट अजून मिळतात. आमचे 1489 सीसीचे इंजिन पूर्ण जाम झाले होते. ते उतरवले, बोअर करून घेतले, नवे पिस्टन आणि रिंगा घातल्या, क्रँकशाफ्ट घासून नवे शेल, म्हणजे बेअरिंगच्या वाट्या, बसवले. इंजिन परत गाडीत चढले त्या संध्याकाळी भाचा किल्ली घेऊन सीटवर बसलाच. "मामा, मारू का सेल्फ?"

मी किल्ली काढून घेतली. नव्याने बांधलेल्या इंजिनाची सर्वांत मोठी झीज पहिल्या काही सेकंदांत होऊ शकते. बांधताना बेअरिंगला लावलेले तेल तेवढे असते. तेलाचा पंप, तेल वाहून नेणारी गॅलरी, व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर ज्यावर बसतात तो रॉकर शाफ्ट, सगळे कोरडे. आणि मला सरांचा आवाज ऐकू आला, अगदी तसाच: "काहून घाई करून राहिला बे? आधी हातानं फिरव, कान दे."

पहिले काम टॅपेटचे, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह आणि त्याच्या रॉकरमधली फट, गॅप, लावण्याचे. इथे सरांनी शेडच्या फळ्यावर खडूने लिहिलेल्या जोड्या मला अजून दिसतात: 1-8, 2-7, 3-6, 4-5. बेरीज प्रत्येक वेळी नऊ. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबला गेला की पहिल्याचा गॅप बघायचा, सातवा दाबला गेला की दुसऱ्याचा. पाठ करायला सोपे, पण सर तेवढ्यावर सोडत नसत. त्यांनी व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट काढून आमच्या हातात दिला होता. पहिल्या आणि आठव्या व्हॉल्व्हचे लोब, म्हणजे त्यावरचे उंचवटे, एकमेकांकडे पाठ करून उभे, हे आम्ही बोटांनी चाचपून पाहिले. पहिला आणि चौथा पिस्टन बरोबरीने वरखाली होतात, पण त्यांच्या कामात क्रँकच्या एका पूर्ण फेऱ्याचे अंतर असते; कॅम त्याच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून तिथे ते अंतर अर्ध्या फेऱ्याचे. गणिताच्या तासाला न कळलेले गुणोत्तर मला त्या लोखंडात कळले. "आठव्याकडे पाहा, पहिल्याला हात लाव," असे म्हणत सर हँडल फिरवायचे.

या इंजिनाचा गॅप 0.015 इंच, मिस्त्रींच्या भाषेत पंधरा थाऊ, म्हणजे इंचाचे पंधरा हजारांश. फट मोजायच्या फिलर गेजची पट्टी मिटलेल्या वहीच्या पानांतून ओढावी तशी, किंचित अडत सरकली पाहिजे. अंगणात बल्ब लावून मी आठही व्हॉल्व्ह दोनदा तपासले.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला सुरुवात केली. मे महिन्यातल्या नागपुरात नऊनंतर बॉनेटला हात लावता येत नाही. 20डब्ल्यू50 तेल भरले, रेडिएटर भरला, होजचे क्लँप पाहिले. चारही प्लग काढून ठेवले, म्हणजे कॉम्प्रेशन नाही आणि बेअरिंगवर भार नाही. ऑइल गॅलरीला तेलाचा दाब दाखवणारा मीटर तात्पुरता जोडला आणि दहा-दहा सेकंद सेल्फ मारला. चार वेळा. काटा शून्यावरून हलला नाही.

तो काटा पाहून माझ्या पोटात गोळा आला. पंप कोरडाच बसवला गेला होता, त्यामुळे तो इंजिनाच्या तळातल्या टाकीतले, संपमधले, तेल ओढत नव्हता. पंपात नुसती हवा फिरत होती. मग मीटरची जोडणी सोडली, तिथून ऑइल-कॅनने गॅलरीत तेल दाबले. ते पंपापर्यंत मागे जायचे तर इंजिन उलटे फिरायला हवे, आणि हँडल उलटे फिरत नाही. गाडी टॉप गिअरला टाकली आणि भाच्याला व शेजारच्या दोन पोरांना बंपरकडून मागे ढकलायला सांगितले. चाकाचा एक फेरा म्हणजे इंजिनाचे चारच्या वर फेरे. तुळशी वृंदावनापासून दिंडी दरवाजापर्यंत गाडी उलटी गेली, मी कॅनने तेल दाबतच राहिलो. मीटर पुन्हा जोडला, गाडी न्यूट्रलला आणली, सेल्फ मारला. काटा थरथरला आणि चढला. रॉकर कव्हर उघडेच होते. शाफ्टच्या एका टोकापासून एकेका रॉकरवर तेलाचा थेंब फुगत आला. इतके सुंदर दृश्य मी फार कमी पाहिले आहे.

बाकीचे पटकन झाले. पहिल्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून कॉम्प्रेशनचा स्ट्रोक शोधला, नाहीतर प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्यूटर अर्धा फेरा चुकून बसतो. रोटर पहिल्या वायरकडे, पॉइंटवर बल्ब लावून टायमिंग, फायरिंगचा क्रम 1-3-4-2. हा बल्बही शेडमधलाच धडा.

सात वाजता चोक ओढला. तिसऱ्या प्रयत्नाला इंजिन धरले. लगेच आयडलवर सोडायचे नाही. कॅम आणि टॅपेट एकमेकांवर बसेपर्यंत वीसेक मिनिटे साधारण दोन हजार आरपीएमवर ठेवायचे. भाचा अ‍ॅक्सिलरेटर धरून बसला, मी तेलाचा काटा, पाण्याचे तापमान आणि गळती बघत फिरत होतो. मग मी सरांना फोन लावला. आता ते ऐंशीच्या पुढे आहेत. काही न बोलता फोन बॉनेटजवळ धरला.

बराच वेळ सर ऐकत राहिले. मग म्हणाले, "छान. पण एक टॅपेट वाजून राहिलं बे."

इंजिन बंद केले, थंड होऊ दिले, हेडचे नट पुन्हा टॉर्कने कसले आणि कव्हर काढले. हँडल फिरवत गेलो. सहावा दाबला गेला तेव्हा तिसऱ्याला हात लावला. पट्टी सैल सरकली.